खवट

भाळवणीच्या माळावर, शेड नंबर तीन.
सकाळी साडेसहाला मी नरांच्या पाठीवरून हात फिरवतो.
डावा पोटाखाली, उजवा मानेपासून शेपटीपर्यंत,
दोनदा, तिसऱ्यांदा जरा दाबून.
नर थरथरतो
आणि काचेच्या वाटीत सात-आठ थेंब देतो, सायीच्या रंगाचे.
मुलीच्या सोयरिकीत मी एवढंच सांगितलं होतं:
पोल्ट्रीत आहे.

चैतात तेल महागलं.
माद्यांचं खाद्य तयार यायचं, नरांचं इथंच मिसळायचं.
मालकांनी मिरजेहून बॅरल आणलं, भाताच्या कोंड्याचं, स्वस्तातलं,
आणि ठेवलं पत्र्याच्या सावलीत,
जी अकरानंतर सावली राहत नाही.
इराप्पा भरड्यात ओतायचा तेव्हा वास यायचा,
दिवाळीची शेव होळीपर्यंत डब्यात राहिली तर येतो तसा.
आपल्या तोंडात खवट शेंगदाणा आला
तर आपण थुंकतो.
कोंबड्याला थुंकता येत नाही.

उलट ते भरले.
दोनशे चौदा नंबर सव्वाचार किलोवर गेला,
तुरा जास्वंदीसारखा, बांग पार घाटाखाली.
मालक पाहुण्यांना दाखवायचे: बघा, पैलवान!

जैतुनबी मुजावर अंधाऱ्या खोलीत बसते.
सातव्या दिवशी एकेक अंडं दिव्यावर धरते.
आत लाल शिरा दिसल्या, कोळ्याच्या पायांसारख्या, तर ट्रेमध्ये.
नुसता पिवळा उजेड दिसला, तर बाजूला.
बाजूचे वाढत गेले.
शंभरात बारा, मग तेवीस,
मग एक्केचाळीस.
रजिस्टरात त्या रकान्याचं नाव आधीपासूनच छापलेलं: वांझ.

मालक म्हणाले, कोंबड्या उतरल्या.
चौदाशे माद्या ट्रकात भरल्या, आटपाडीच्या व्यापाऱ्याला किलोवर दिल्या.
एकीनं ट्रकातच अंडं घातलं.
ते फुटलं.
नव्या आल्या, तांबूस, तरण्या.
पुन्हा नुसता उजेड.

तेव्हा विट्याहून कनसे डॉक्टरीणबाई आल्या, मायक्रोस्कोप घेऊन.
मला म्हणाल्या, बघा की तुम्हीपण.
अठरा वर्षं जे वाटीत धरलं ते पहिल्यांदा पाहिलं:
काही पळत होते,
बरेच जागच्या जागी, शेपटी वाकडी,
ओढा आटल्यावर डबक्यात उरलेल्या मासोळ्या जशा.
बाई म्हणाल्या, यांचं कातडं तेलाचंच असतं.
कोंबडा जे तेल खातो, तेच हे पांघरतात.
नितळ असलं तर अंग लवतं, शेपूट वळवळते,
खवट असलं तर कातडं चिरत जातं.
आणि तुरा बघून यातलं काही कळत नाही.

मग जवस सुरू झालं, ताजं सोयाबीन तेल,
ई जीवनसत्त्वाची पुडी, पैलवानाचा खुराक तोलून.
पंधरा दिवस काही नाही.
महिना, काही नाही.
मालक रोज विचारायचे,
मी रोज पाठीवरून हात फिरवायचो.

सहाव्या आठवड्यात जैतुनबीनं आतून हाक मारली.
अंडं दिव्यावर होतं. शिरा.
उजेडात तिची बोटंही आतून लाल दिसत होती.
"चौदाशे गेल्या," ती म्हणाली, "एकीचीपण चूक नव्हती."
तिला सासरनं नऊ वर्षांनी परत धाडलेलं,
हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.
मी काही बोललो नाही.
तिनं पेन घेतलं, छापील शब्दावर रेघ ओढली,
वर काय लिहावं ते सुचेना,
रकाना तसाच बिननावाचा राहिला.

उरलेलं तेल मालकांना टाकवेना.
इराप्पा ते फाटकाच्या बिजागऱ्यांना लावतो.
फाटक आता कुरकुरत नाही.
सकाळी मी आत येतो
ते नरांना कळतच नाही,
पाठीवर हात पडेपर्यंत.